क्रिस्टोफर ली ड्रॅक्युलाच्या भूमिकेतच अडकून पडला का?

ब्रिटिश नट क्रिस्टोफर लीने रक्तपिपासू ड्रॅक्युलाशिवाय नाव घ्यावं असं काही केलं का, असं तुम्ही विचारलं आहे. पंधराएक वर्षं तो त्या भूमिकेत अडकला होता हे खरं. पण त्यातून तो जसा बाहेर पडला, तसं भयपटांतल्या फार थोड्या नटांना जमलं.

युद्धातून परतल्यावर तो लंडनमध्ये सिनेमात शिरला, पण उंची ६ फूट ५ इंच. नायकापेक्षा वीतभर उंच माणूस शेजारी कोणाला हवा असतो? दहा वर्षं किरकोळ कामांत गेली. १९५७ साली हीच उंची कामाला आली. भयपट काढणाऱ्या हॅमर या ब्रिटिश कंपनीला फ्रँकेन्स्टाइनवरच्या सिनेमातल्या राक्षसासाठी धिप्पाड माणूस हवा होता. ली स्वतः सांगायचा, की आपल्याला एकही संवाद नाही म्हणून तो तणतणत त्या सिनेमाचा नायक पीटर कुशिंगकडे गेला, तर कुशिंग म्हणाला, नशीबवान आहेस, मी पटकथा वाचली आहे! ती मैत्री कुशिंग जाईपर्यंत टिकली.

पुढच्या वर्षी ‘ड्रॅक्युला’ आला. त्यातला लीचा प्रवेश मी कितीही वेळा पाहू शकतो. जिन्याच्या टोकाला काळी आकृती उभी राहते. आता काहीतरी भयंकर होणार म्हणून आपण सावरून बसतो, आणि खाली येतो तो एक देखणा, सभ्य गृहस्थ. भराभर पायऱ्या उतरतो, स्वतःची ओळख करून देतो, पाहुण्याला त्याची खोली दाखवतो, त्याच्या वाग्दत्त वधूच्या फोटोची चौकशी करतो. थोड्याच वेळात तोच माणूस दारात दिसतो तेव्हा डोळे लालभडक आणि हनुवटीपर्यंत रक्त. आधीचं अगत्य पाहिलेलं असतं म्हणून हे दृश्य अंगावर येतं. त्यानंतर सिनेमा संपेपर्यंत तो एक शब्दही बोलत नाही. सगळं काम नजर, खांदे आणि चाल यांच्यावर. माझ्या मते बेला लुगोसीचा १९३१ चा ड्रॅक्युला इथे मागे पडतो.

मग कंपनीने ती भूमिका पिळून काढली. १९७३ पर्यंत हॅमरचे असे सात सिनेमे त्याने केले. १९६६ च्या सिनेमात तर त्याला मुळी संवादच नाहीत. संवाद इतके वाईट होते की आपणच ते म्हणायला नकार दिला, असं तो सांगे. दर वेळी तो नको म्हणायचा आणि दर वेळी कंपनी, तू नाही म्हणालास तर इतक्या लोकांचा रोजगार जाईल, हे पुढे करायची.

१९७३ मध्येच त्याने ‘द विकर मॅन’ हा वेगळ्या धाटणीचा भयपट केला, तोही मानधन न घेता, कारण पटकथा आवडली होती. पुढच्या वर्षी जेम्स बाँडसमोर खलनायक स्कारामांगा. नंतर तो अमेरिकेला गेला, विनोदी कामंही केली.

आपल्याकडे त्याच्या ज्या कामाबद्दल फारसं बोललं जात नाही, ते म्हणजे महंमद अली जिनांवरचा १९९८ चा ‘जिना’. ड्रॅक्युला करणाऱ्याला जिनांची भूमिका का दिली, म्हणून पाकिस्तानात ओरड झाली. सिनेमात जिनांच्या आयुष्याचा हिशेब मांडायला बसलेला निवेदक आहे आपला शशी कपूर. राजकारणाबद्दल तुमचं मत काहीही असो, लीचा कोरडा, ताठ, आतून थकलेला जिना जरूर पाहा. ही आपली सर्वांत महत्त्वाची भूमिका, असं तो शेवटपर्यंत म्हणत राहिला.

ऐंशीच्या घरात असताना ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधला सारुमान आणि ‘स्टार वॉर्स’मधला काउंट डूकू मिळाले, आणि नव्या पिढीने त्याला ड्रॅक्युला न पाहताच ओळखलं. ‘रिंग्ज’च्या संपूर्ण नटसंचात मूळ कादंबरीचा लेखक टॉल्किन याला प्रत्यक्ष भेटलेला हा एकटाच. २००९ मध्ये ‘सर’ झाला, २०१५ मध्ये ९३ व्या वर्षी गेला.

तुम्ही त्याचं काहीच पाहिलं नसेल तर आधी १९५८ चा ‘ड्रॅक्युला’ बघा, लगेच ‘द विकर मॅन’. हॅमरचे मधले भाग वगळले तरी चालतील.