सांगोल्याची आमदारकी: ११ विजय, दोन पराभव आणि तुमचे प्रश्न

सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोला विधानसभा मतदारसंघावर बरेच प्रश्न आलेत, त्यातले पाच घेतोय. सारखेच प्रश्न होते ते एकत्र केलेत.

प्रश्न: गणपतराव देशमुख नक्की किती वेळा आमदार झाले? कुणी ११ म्हणतं कुणी १३. आणि एकाच मतदारसंघातून एवढ्या वेळा म्हणजे देशात रेकॉर्ड ना?

निवडून आले ११ वेळा. १३ चा आकडा बहुतेक लढतींचा असावा, कारण १९६२ पासून २०१४ पर्यंत तेवढ्या लढती होतात. १९६२ आणि १९६७ जिंकले, १९७२ ला काँग्रेसच्या काकासाहेब साळुंखे-पाटलांकडून हरले, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले, मग १९७८, ८०, ८५, ९० सलग, १९९५ ला शहाजीबापू पाटलांनी १९२ मतांनी पाडलं आणि १९९९ पासून २०१४ पर्यंत पुन्हा सलग चार वेळा. सगळे विजय शेकापचेच, म्हणजे शेतकरी कामगार पक्षाचे. २०१९ ला ते स्वतः उभे राहिले नाहीत, ३० जुलै २०२१ ला गेले.

देशातला रेकॉर्ड म्हणाल तर जरा थांबा. महाराष्ट्रात त्यांना तोड नाही हे खरं, पण केरळात के. एम. मणी पाला मतदारसंघातून १३ वेळा निवडून आले आणि ओमन चंडी पुथुपल्लीतून १२ वेळा. ‘जगात एक नंबर’ टाइपचे फॉरवर्ड पुढे ढकलायच्या आधी हे बघत जा. आबासाहेबांना, म्हणजे गणपतरावांना, त्या खोट्या मोठेपणाची गरजही नाहीये.

प्रश्न: पन्नास वर्षं एकच आमदार आणि तालुका तरी दुष्काळी! मग त्या साधेपणाचं, एसटीच्या प्रवासाचं कौतुक कशाला?

प्रश्न टोचरा आहे पण रास्त आहे. साधेपणा हा गुण आहे, त्याने कालव्याला पाणी येत नाही.

आता दुसरी बाजू. सांगोला पर्जन्यछायेत, माण नदी बहुतेक वर्ष कोरडी, त्यामुळे पाणी आणायचं तर बाहेरूनच, म्हणजे नीरा उजवा कालवा, टेंभू, म्हैसाळ. टेंभू-म्हैसाळ या कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्याने उचलून आणायच्या योजना, दोन-तीन जिल्ह्यांतून जाणाऱ्या, सांगोला शेवटच्या टोकाला, आणि पाणी आधी वरच्यांचं भरतं हे सगळ्या महाराष्ट्राला माहितीये. एकटा आमदार, तोही बहुतेक काळ विरोधी बाकावर, अशा योजना रेटू शकतो, पुऱ्या करू शकत नाही. मंत्रिपद मिळालं ते दोनदाच, १९७८ च्या पुलोद सरकारात (शरद पवारांचं पुरोगामी लोकशाही दल) आणि १९९९ नंतर विलासरावांच्या मंत्रिमंडळात, आणि २००२ मध्ये शेकापने त्या सरकारचा पाठिंबाच काढला. म्हणून तर नागनाथअण्णा नायकवडींबरोबर १३ दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा घ्याव्या लागल्या, एका तालुक्याच्या आवाजाने मुंबईत कुणी हलत नाही म्हणून.

जे हातात होतं ते झालं का, तर बऱ्यापैकी झालं. सूतगिरणी उभी राहिली. १९९० मध्ये फळबाग लागवड रोजगार हमीला जोडली गेली आणि खडकाळ रानात डाळिंब आलं, त्याचं श्रेय एकट्या आमदाराचं नाही, सरकारी योजना होती आणि घाम शेतकऱ्यांचा होता, पण योजना कागदावरून बांधावर आणायला गावोगाव कार्यकर्ता लागतो आणि तो शेकापकडे होता. डिसेंबर २०२० मध्ये देशातली शंभरावी किसान रेल सुटली ती सांगोल्यातून. पुढे डाळिंबावरच्या तेल्या रोगाने आणि खोडकिडीने कितीतरी बागा उपटायला लावल्या हेही तितकंच खरं.

माझं मत विचाराल तर पाण्यात उशीर झाला आणि त्यातला काही वाटा इतकी वर्षं सत्तेबाहेर राहायच्या राजकारणाचा आहे. पण हे लोकांना कळत नव्हतं असं समजू नका, कळूनच मत देत होते.

प्रश्न: २०१९ ला देशमुखांचा एक नातू पडला, २०२४ ला दुसरा नातू २५ हजारांनी आला. सहानुभूतीची लाट का?

सहानुभूती असेलच थोडी, पण मला बेरीज-वजाबाकी जास्त दिसते. सांगोल्यात पहिल्यापासून दोनच गट, एक शेकाप आणि दुसरा शेकापविरोधी. पहिला गट बऱ्यापैकी ठाम आहे, दुसरा एकत्र आला की निकाल काठावर येतो आणि फुटला की शेकाप आरामात. २०१९ ला याच दुसऱ्या गटातले दीपक साळुंखे शहाजीबापूंच्या पाठीशी होते, तर डॉ. अनिकेत देशमुख ७६८ मतांनी गेले. २०२४ ला साळुंखे ठाकरेंच्या शिवसेनेकडून स्वतःच उभे, बापू शिंदेंच्या शिवसेनेकडून, म्हणजे दोन शिवसेना समोरासमोर, आणि मधून डॉ. बाबासाहेब देशमुख निघून गेले. गंमत अशी की शेकाप आणि ठाकरेंची सेना दोघं महाविकास आघाडीत! बापूंची नव्वद हजारांवर आणि साळुंखेंची पन्नास हजारांच्या आसपास, ही दोन्ही जोडली तर बाबासाहेबांच्या पुढे जातात. सगळी बेरीज तशीच्या तशी एका पेटीत पडली असती असं नाही, पण २५ हजारांच्या आकड्यावर शेकापने फार निवांत झोपू नये. राज्यात त्यांचा आमदार आता हा एकच उरलाय.

प्रश्न: शहाजीबापू म्हणजे फक्त ‘काय झाडी, काय डोंगार’ का?

नाही हो. जून २०२२ मध्ये शिंदेंच्या बंडावेळी गुवाहाटीहून केलेल्या त्या फोनमुळे अख्ख्या महाराष्ट्राला माहीत झाले, पण सांगोल्याला ते त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होते. १९९५ ला राज्यभर युतीचं वारं असताना ते काँग्रेसकडून गणपतरावांना हरवून आमदार झाले होते, पुढे शिवसेनेत आले, २०१४ ला आबासाहेबांकडून हरले आणि २०१९ ला जिंकले, म्हणजे दोन विजयांत २४ वर्षांचं अंतर. मधल्या काळात एवढा पराभव पचवून मैदानात टिकणारा माणूस विनोदी क्लिपपुरता ठेवणं अन्याय आहे. पक्ष बदलले त्यावर टीका करा, ती करायला जागा आहे.

प्रश्न: आम्ही भाळवणीकडचे. तहसील पंढरपूर, आमदार सांगोल्याचा, खासदार माढ्याचा. हे कुणी ठरवलं, आणि बदलणार कधी?

२००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेने ठरवलं, २००१ च्या जनगणनेवरून, आणि २००९ ची निवडणूक तशी झाली. एकट्या सांगोला तालुक्याची लोकसंख्या एका मतदारसंघाला कमी पडत होती म्हणून शेजारचा भाळवणीचा भाग जोडला. लोकसभेला तर अजून गंमत, पंढरपूर विधानसभा सोलापूर लोकसभेत आणि सांगोला माढ्यात, त्यामुळे तुमच्या तालुक्याच्या गावातला माणूस वेगळ्या खासदाराला मत देतो. यात तुमचा तोटा काय होतो, तर उमेदवार सांगोल्याचं गणित जमवून मग तुमच्याकडे वळतो. त्यावर एकच इलाज, भाळवणीच्या गावांनी मागणी एकत्र मांडायची, कारण ७६८ मतांवर निकाल लागणाऱ्या ठिकाणी तुमची मतं कुणालाही सोडून चालत नाहीत.

बदल होईल तो २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे आले की, पुनर्रचना तोपर्यंत घटनेनेच थांबवलीये. १९६२ पासून इथे एकही महिला आमदार झालेली नाही असं दोघा-तिघांनी लिहिलंय त्याचंही उत्तर यातच आहे. २०२३ च्या घटनादुरुस्तीतलं एक तृतीयांश आरक्षण त्याच पुनर्रचनेला बांधलेलं आहे, त्यात सांगोल्याचा नंबर लागेल की नाही हे तेव्हाच कळेल. पण तिकीट द्यायला आरक्षणाची वाट बघायलाच पाहिजे असं कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही, ते शेकापलाही लागू आणि दोन्ही सेनांनाही.