एक्केचाळीस गुणांवरून निर्णय घेण्याआधी

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक शुभाशीर्वाद.

तुझे पत्र येऊन आठ दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण तू सोबत पाठवलेली गणिताची उत्तरपत्रिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत नीट वाचल्याशिवाय काही लिहायचे नाही, असे मी ठरवले होते. शंभरपैकी एक्केचाळीस गुण पाहिल्यापासून भूगर्भशास्त्राचा नाद सोडून द्यावा असे तुला वाटू लागले आहे, आणि ‘झेपेल तेवढेच मागावे’ हे तुला आता पटले आहे, असे तू लिहितेस. हे वाक्य तुझे नाही, हे मला वाचताक्षणी जाणवले. चौदा वर्षांच्या मुलीला असे वाक्य आपणहून सुचत नाही. ते तिच्या कानावर पुन्हा पुन्हा पडलेले असते.

आकांक्षेमुळे गुण वाढतात की गुणांमुळे आकांक्षा वाढते, हा प्रश्न जुना आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात १९५७ साली शालेय शिक्षण पूर्ण केलेल्या १०,३१७ मुलामुलींची एक पाहणी सुरू झाली आणि त्यांच्या आयुष्याचा मागोवा पुढे कित्येक दशके घेतला गेला. समाजशास्त्रज्ञ विल्यम स्यूएल यांनी आर्चिबाल्ड हॅलर आणि अलेहांद्रो पोर्टेस यांच्यासह १९६९ मध्ये या पाहणीतल्या माहितीवरून शिक्षणाच्या वाटचालीची एक साखळी मांडली. त्या साखळीत शाळेतील गुण आणि पुढच्या शिक्षणाची आकांक्षा यांच्यामध्ये माणसे उभी आहेत: आईवडील, शिक्षक, मित्रमैत्रिणी. मुलाचे गुण पाहून ही माणसे त्याच्याविषयी काही अपेक्षा बांधतात, त्या कधी बोलून आणि बऱ्याचदा न बोलताच दाखवतात, आणि त्यावरून मूल आपली झेप किती हे ठरवते. पुढे तो किंवा ती किती शिकते, हे बऱ्याच अंशी त्या ठरवण्यावर अवलंबून राहते. गुणपत्रिकेवरचा आकडा स्वतः काहीच बोलत नाही. त्याचा अर्थ आपल्याला दुसरे कुणीतरी सांगते.

हे मी पुस्तकात वाचले त्याच्या कितीतरी आधी माझ्या हातून घडून गेले होते. शिकवायला लागून मला तिसरे वर्ष होते. वर्गातला एक मुलगा सलग दोन चाचण्यांत विज्ञानात मागे पडला होता. एका दुपारी तो शिक्षकखोलीच्या दारात येऊन उभा राहिला आणि पुढे अभियांत्रिकीकडे जावे की नाही, असे त्याने विचारले. मी तपासत होते त्या वह्यांच्या गठ्ठ्यावरून मान वर न करता म्हणाले, ‘‘तू जरा सोपे काहीतरी घे.’’ ‘‘बरं, बाई,’’ एवढेच म्हणून तो गेला. त्यानंतर त्याने वर्गात हात वर करणे सोडले, मागच्या बाकावर जागा घेतली, आणि त्याच्या गृहपाठाच्या वहीत पानेच्या पाने कोरी येऊ लागली. वर्षअखेरीस त्याचे गुण आणखी घसरले, तेव्हा माझा अंदाज बरोबर होता असे मला वाटले. तो पुरावा मीच तयार केला होता, हे कळायला मला फार वर्षे लागली, आणि तोवर त्याची क्षमा मागण्याची वेळ निघून गेली होती. म्हणून आज तुझ्याशी बोलताना मी मान वर करून बोलते आहे.

आणखी एक गोष्ट तुझ्या पत्रात ओझरती आली आहे, पण मला ती महत्त्वाची वाटते. यंदा तू शाळा बदललीस आणि निवडून घेतलेल्या मुलांच्या वर्गात आलीस. मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट मार्श यांनी १९८४ पासून या विषयावर सातत्याने लिहिले आहे. सारख्याच कुवतीची दोन मुले घेतली आणि एकाला हुशार मुलांच्या वर्गात व दुसऱ्याला साधारण वर्गात बसवले, तर हुशार वर्गातले मूल स्वतःला अधिक कच्चे समजू लागते, कारण आपण स्वतःला जगाशी तोलत नाही, शेजारच्या बाकाशी तोलतो. लहान तळ्यातला मोठा मासा मोठ्या तळ्यात गेला की त्याला आपण लहान झालो असे वाटते. त्याची लांबी मात्र तेवढीच असते. गेल्या वर्षी तुला त्रेसष्ट गुण होते आणि तू वर्गात पाचवी होतीस, आज एक्केचाळीस गुण आहेत आणि तू शेवटच्या चौघींत आहेस. यातली गुणांची घट खरी आहे आणि तिच्याविषयी मी पुढे लिहिते. क्रमांकाची घट मात्र बरीचशी तळे बदलल्याची आहे. त्या दोन्ही गोष्टींची मोळी बांधून तिला ‘माझी कुवत’ असे नाव देऊ नकोस.

आता दुसरी बाजूही तुला सांगितली पाहिजे, कारण नुसता धीर देऊन मी तुझे नुकसानच करीन. मोठे स्वप्न पाहिले की गुण आपोआप वाढतात, असे म्हणण्यास भक्कम आधार नाही. ब्रिटनमध्ये मुलांच्या आकांक्षा उंचावण्याचे अनेक उपक्रम झाले. तिथल्या जोसेफ राउनट्री फाउंडेशनने २०१२ मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा प्रसिद्ध केला, तेव्हा केवळ आकांक्षा वाढवल्याने शालेय यश वाढते असा पुरेसा पुरावा त्यात सापडला नाही. पालकांनी शिक्षणात प्रत्यक्ष लक्ष घालण्याचा आधार त्याहून अधिक भरवशाचा दिसला. त्याआधीचे, २००२ मधले मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल ओटिंगन आणि डोरिस मायर यांचे काम तर मला नेहमी आठवते. नोकरीच्या शोधात असलेल्या पदवीधरांपैकी जे यशाची गोड चित्रे मनात रंगवत बसले, त्यांनी अर्ज कमी केले आणि दोन वर्षांनी त्यांच्या हाती नोकऱ्याही कमी आल्या. ज्यांना आपल्या पूर्वानुभवावरून यश मिळेल असा विश्वास होता, त्यांचे चांगले झाले. मनोराज्य आणि विश्वास बाहेरून सारखेच दिसतात. मनोराज्यात आपण शिखरावर जाऊन बसलेलो असतो, त्यामुळे चढायचे उरतच नाही.

तेव्हा तुझ्या उत्तरपत्रिकेकडे वळते. एकूण एकोणसाठ गुण गेले आहेत. त्यांतले चोवीस गुण शेवटच्या दोन कोऱ्या पानांचे आहेत. ती पाने कोरी का राहिली याचे उत्तर सहाव्या पानावर आहे: तिथे एक सिद्धता तू तीनदा लिहून तीनदा खोडलीस, आणि तिसऱ्यांदा इतकी जोरात खोडलीस की पेनाचा वळ पाठच्या बाजूला उमटला आहे. तुझा वेळ तिथे गेला. सतरा गुण चिन्हांच्या आणि उतरवून घेण्याच्या चुकांचे आहेत. कंसाबाहेर उणे तीन आणि आत क्ष उणे दोन असे पद होते. त्याचे तू उणे तीन क्ष उणे सहा केलेस, तिथे अधिक सहा हवे होते. हीच चूक आणखी तीन ठिकाणी आहे, म्हणजे तुला एक नियम चुकीचा ठाऊक आहे आणि तो तू इमानाने पाळते आहेस. उरलेले अठरा गुण समरूप त्रिकोणांचे आहेत, आणि ते प्रकरण तुला खरोखरच कळलेले नाही. एकोणसाठपैकी फक्त एवढ्या अठरा गुणांना ‘येत नाही’ असे म्हणता येईल. भूगर्भशास्त्र सोडण्याचा निर्णय तू या हिशेबाशिवाय घेत होतीस.

यापुढचे काम आकांक्षेला या तीन ठिकाणी आणून बांधण्याचे आहे. अँजेला डकवर्थ, ओटिंगन, पीटर गोलविट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. महत्त्वाच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या ६६ विद्यार्थ्यांपैकी काहींकडून त्यांनी अर्ध्या तासाचे लेखन करून घेतले: परीक्षेत चांगले झाले तर काय होईल, आपल्या आड काय येते, आणि ते आड आले तर आपण नेमके काय करू. सुट्टी संपेपर्यंत या मुलांनी इतरांपेक्षा साठ टक्क्यांहून अधिक सरावप्रश्न सोडवले होते. तूही तसेच लिही, आणि ‘मी मन लावून अभ्यास करीन’ असे लिहू नकोस, कारण त्या वाक्याला हात-पाय नाहीत. ‘कंसाबाहेर उणे दिसले, तर मी पेन थांबवीन, आतल्या प्रत्येक पदावर बदललेले चिन्ह लिहीन आणि मगच पुढची ओळ लिहीन.’ ‘एका प्रश्नावर दहा मिनिटे झाली, तर अर्धे पान मोकळे सोडून मी पुढच्या प्रश्नाकडे जाईन.’ ही दोन वाक्ये वहीच्या पहिल्या पानावर असू देत. गेलेल्या एकोणसाठपैकी चोवीस आणि सतरा मिळून एक्केचाळीस गुण नेमके याच गोष्टींपायी गेले आहेत.

समरूप त्रिकोणांसाठी मात्र अशी युक्ती नाही; ते प्रकरण पहिल्यापासून, लहान आकृत्या स्वतः काढून आणि बाजू मोजून शिकावे लागेल. पण ते तुझ्या आवडीपासून किती जवळ आहे ते पाहा. खडकाचा थर जमिनीत तिरका गेलेला असतो, वर त्याची फक्त एक पट्टी दिसते. भूगर्भशास्त्रज्ञ त्या पट्टीची रुंदी मोजतो, थर किती अंशांनी कललेला आहे ते मोजतो आणि जमिनीखालचा थर किती जाड आहे हे न खणता सांगतो. हे गणित काटकोन त्रिकोणाच्या बाजूंच्या गुणोत्तरांवर चालते, आणि ती गुणोत्तरे कुठल्याही आकाराच्या त्रिकोणात तीच का राहतात, याचे उत्तर समरूपतेत आहे. मेसमिन डेस्टिन आणि डाफ्ना ऑयझरमन यांनी २०१० मध्ये अमेरिकेतील शालेय मुलांविषयी लिहिताना हीच तुटलेली कडी दाखवली होती. बहुतेक मुलांना महाविद्यालयात जायचे होते, पण आपले पुढचे काम शिक्षणावर अवलंबून असेल असे चित्र निम्म्याहून कमी मुलांच्या मनात होते. शिक्षण आणि पुढची कमाई यांचा संबंध ज्यांना दाखवून दिला, ती मुले ऐच्छिक गृहपाठ पूर्ण करण्याची शक्यता इतरांच्या आठपट निघाली. तुझ्या स्वप्नात खडक आहेत, पण त्रिकोण नाही. तो तिथे आणून ठेव.

अंतराचाही विचार कर. अर्थशास्त्रज्ञ देबराज राय यांनी २००६ मध्ये ‘आकांक्षेची दरी’ अशी कल्पना मांडली: आज आपण जिथे आहोत आणि जिथे जायचे आहे यांतले अंतर फारच थोडे असेल तर माणूस धडपडत नाही, आणि ते फार मोठे दिसू लागले तर हताश होऊन धडपड सोडतो. तुला आज ही दरी फार रुंद दिसते, कारण तू नववीच्या चाचणीवरून थेट डोंगरावर हातोडी घेऊन उभ्या असलेल्या शास्त्रज्ञाकडे पाहते आहेस. मधल्या पायऱ्या तुला माहीत नाहीत. कोणते विषय, किती वर्षे, कोणती प्रवेशपरीक्षा, शुल्क किती, शिष्यवृत्ती कुठे, हे शोधून एका कागदावर उतरव. या क्षेत्रात शिकणारी एखादी मुलगी भेटली तर तिच्याशी तासभर बोल. प्रत्यक्ष समोर दिसणाऱ्या माणसाचा परिणाम किती होतो, याचे एक उदाहरण माझ्या फार आवडीचे आहे. पश्चिम बंगालमधील बीरभूम जिल्ह्यात लोरी बीमन, एस्थर डुफ्लो, रोहिणी पांडे आणि पेटिया टोपालोव्हा यांनी ४९५ गावांत किशोरवयीन मुलामुली आणि त्यांचे पालक यांची पाहणी केली आणि ती २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्या गावांत आरक्षणामुळे सलग दोनदा ग्रामप्रमुखपद स्त्रीकडे आले, तिथे मुलगे आणि मुली यांच्या आकांक्षांमधली तफावत सुमारे एक तृतीयांशाने कमी झाली, आणि शिक्षणातली तफावत तर नाहीशी झाली. मुलींसाठी तिथे नव्या नोकऱ्या निघाल्या नव्हत्या. त्यांनी एका बाईला ते काम करताना पाहिले होते.

हा परिच्छेद तुझ्या आईवडिलांना वाचून दाखव. तुझे वडील नव्वदच्या खाली बोलायला तयार नाहीत, असे तू लिहिले आहेस. त्यांच्या मनात माया आहे, याविषयी मला शंका नाही. कोउ मुरायामा आणि सहकाऱ्यांनी जर्मनीतील सुमारे साडेतीन हजार विद्यार्थ्यांचे गणितातले यश पाच वर्षे पाहिले आणि २०१६ मध्ये लिहिले, की पालकांची आकांक्षा उंच असेल तर मुलांना तिचा फायदा होतो. पण मुलाला प्रत्यक्षात जे जमेल असे पालकांना स्वतःलाच वाटते, त्याच्याही पलीकडे ती आकांक्षा गेली, तर मुलाचे यश खालावते. तेव्हा त्यांना माझी विनंती आहे, की पुढच्या चाचणीसाठी नव्वदऐवजी पासष्टविषयी बोलावे, आणि रोज रात्री ‘किती वाचलेस’ ऐवजी ‘आज कोणती आकृती काढलीस, मला दाखव’ असे विचारावे.

समरूप त्रिकोणांच्या पहिल्या पाच आकृत्या काढून झाल्या की त्यांचे फोटो पाठव. मोजलेल्या बाजू आकृतीवरच लिही, म्हणजे गुणोत्तरे मला तपासता येतील. पुढच्या चाचणीची उत्तरपत्रिकाही पाठव, खोडलेल्या पानांसकट.

तुझी,
बाई