ब्रेकमधून जळका वास येतोय? पॅड बदलण्याआधी चाक मोकळं फिरतंय का ते बघा

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सप्तशृंगी गडावरून उतरताना जळका वास आला, नांदुरीला थांबल्यावर गेला. पण आता नाशिकमध्ये कॉलेज रोडला रोजच्या ये-जा करतानाही पुढच्या डाव्या चाकाकडून तोच वास येतो, आणि गॅरेजवाला म्हणतो की पुढचे पॅड (डिस्कला दोन्ही बाजूंनी धरणारे), मागचे लायनर (ड्रमच्या आत घासणाऱ्या पट्ट्या) सगळंच बदलून टाका.

एवढ्यात बदलू नका. मी गाड्यांच्या दुरुस्तीतच काम करतो आणि हे वारंवार बघतो: नवे पॅड पडतात, पंधरा दिवस बरे जातात आणि वास परत येतो. कारण पॅड जळत होते ते कशामुळे, हे कोणी बघितलेलंच नसतं.

गडावरचा वास आणि कॉलेज रोडवरचा वास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घाट उतरताना पायाने सतत ब्रेक दाबून ठेवला की चांगल्या गाडीचेही पॅड तापतात आणि त्यातलं रेझिन (पॅडचा माल बांधून ठेवणारा पदार्थ) जळायला लागतं. तो वास थांबल्यावर जातो. त्याला उपाय गिअरचा: चढताना जो गिअर लागतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, म्हणजे दुसरा, कधी पहिलाही. ऑटोमॅटिक असेल तर एल (लो) किंवा मॅन्युअल मोड. ब्रेक जोरात पण थोडा वेळ दाबायचा आणि सोडायचा. गाडी न्यूट्रलला टाकून किंवा इंजिन बंद करून कधीही उतरू नका. इंजिन बंद झालं की बूस्टरची, म्हणजे पेडल हलकं करणाऱ्या भागाची, मदत दोन-तीन वेळा ब्रेक दाबेपर्यंतच पुरते, मग पेडल दगडासारखं कडक होतं.

सपाट रस्त्यावर, हळू चालवतानाही वास येत असेल तर मात्र तो ब्रेक सुटतच नाहीये. आधी हँडब्रेक अर्धवट ओढलेला राहत नाही ना ते बघा. पण तो मागच्या चाकांवर काम करतो आणि तुमचा वास पुढून येतोय, त्यामुळे मला संशय कॅलिपरचाच आहे, म्हणजे ऑइलच्या दाबाने पिस्टन ढकलून पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा.

खात्री घरीच करता येते. सकाळी गर्दी नसताना दिंडोरी रोडला दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवा. ब्रेक शक्य तितका कमी लावा, शेवटी गाडी आपोआप हळू होऊ द्या. थांबल्यावर हाताची मागची बाजू प्रत्येक चाकाच्या रिमजवळ न्या. हात लावायचा नाही, नुसता जवळ न्यायचा. जाम झालेल्या चाकाची डिस्क दोनशे अंशांच्या वरही गेलेली असते. डावं चाक धग मारत असेल आणि उजवं कोमट असेल तर चाक सापडलं. गाडी एका बाजूला ओढते का, ॲव्हरेज कमी झालंय का, हेही आठवून बघा.

पुढचं काम गॅरेजमध्ये, पण तुम्ही शेजारी उभे राहून करून घ्या. गाडी जॅकवर घेऊन ब्रेक एकदा दाबायला आणि सोडायला सांगा, मग चाक हाताने फिरवा. पॅडची किंचित घासल्यासारखी सळसळ चालते. चाक फिरायलाच जोर लागत असेल तर त्या कॅलिपरचा ब्लीडर निपल (ऑइल आणि हवा बाहेर काढायचा छोटा स्क्रू) थोडा सैल करायला सांगा. ऑइल पिचकारीसारखं उडून चाक लगेच मोकळं झालं तर आत दाब अडकून राहतोय. म्हणजे रबरी होज (कॅलिपरपर्यंत ऑइल नेणारी नळी) आतून फुगून बंद झालाय किंवा मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणारा भाग) ऑइल परत घेत नाहीये. तुमचं एकच चाक तापतंय, म्हणून आधी होज बघा. बाहेरून तो अगदी नवा दिसतो, फसू नका. निपल सोडूनही चाक जामच राहिलं तर दोष कॅलिपरमध्ये.

आणि कॅलिपरमध्ये बऱ्याचदा सापडतात त्या स्लाइड पिना. कॅलिपर याच दोन पिनांवर मागेपुढे सरकतो. रबरी बूट फाटला की पावसाळ्यात त्र्यंबक-इगतपुरीकडचा चिखल आणि पाणी आत जातं, ग्रीस वाळून तपकिरी पापुद्रे होतात आणि पिन हाताने ओढून निघत नाही. पॅड काढून शेजारी शेजारी ठेवा. एकाच चाकाचा एक पॅड जाड आणि दुसरा झिजून मागच्या पत्र्याला टेकलेला दिसला तर पिनेवरच संशय घ्या. पिना साफ करून, बूट बदलून ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावायचं. डब्यातलं साधं ग्रीस लावू देऊ नका, त्याने रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. पिना मोकळ्या असूनही पिस्टन आत सरकत नसेल तर सील किट (पिस्टनची नवी रबरी सील) टाकावं लागतं. पिस्टनवर गंजाचे खड्डे असतील तर कॅलिपरच बदला, त्यात काटकसर नको.

पॅडचा निर्णय आता. तीन मिलिमीटरपेक्षा कमी राहिलेत, चकाकी येऊन काचेसारखे झालेत किंवा तडकलेत तर बदला, आणि पुढच्या दोन्ही चाकांचे एकदमच बदला. मागचे लायनर उघडून बघितल्याशिवाय बदलण्याचं काही कारण दिसत नाही. नव्या पॅडला पहिले दोन-तीनशे किलोमीटर थोडा वास येतो, तो चालतो.

ब्रेक ऑइल कधी बदललं होतं? ते हवेतली ओल शोषतं. नवं डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल भरली की ही मर्यादा १५५ च्या आसपास येते. तापलेल्या चाकात ऑइल उकळलं की वाफ होते आणि पेडल थेट खाली बसतं. दर दोन वर्षांनी ते बदलायलाच हवं. या कामात लाइन उघडेलच, तर सगळं नवं भरून चारही चाकांच्या ब्रेक लाइनमधली एअर काढून घ्या.

दुरुस्ती होईपर्यंत घाटात जाऊ नका. चाकातून धूर दिसला तर गाडी बाजूला घ्या, सगळे उतरा, अर्धा तास थंड होऊ द्या. पाणी ओतू नका, गरम डिस्क वाकते किंवा तडकते. पेडल मऊ लागलं किंवा खाली गेलं तर टोइंगच बोलवा.

काम झाल्यावर दिंडोरी रोडची तीच चाचणी परत करा. दोन्ही पुढची चाकं सारखीच कोमट लागली तर पैसे द्या. डावं अजूनही जास्त तापत असेल आणि वेगाबरोबर घुंई आवाज वाढत असेल तर त्या चाकाचं बेअरिंग तपासायला सांगा.