तव्यावरून हात मागे कोण घेते?

भाकरी उलटताना तव्याला बोट लागले की हात आधी मागे येतो आणि चटका नंतर जाणवतो, मग मेंदू काय करतो, असे आपण विचारले आहे. मधुमेही वडिलांच्या पायांना मंदिराच्या तापलेल्या फरशीवर फोड आले तरी त्यांना कळले नाही, असेही लिहिले आहे. दोन्हींचे मूळ एकच आहे.

हात मागे घेण्याचा निर्णय मेरुरज्जूतच, म्हणजे पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या चेतातंतूंच्या जाड दोरातच होतो. बोटाच्या त्वचेतील संवेदी चेतातंतूंची टोके उद्दीपित झाली की आवेग, म्हणजे चेतातंतूतून धावणारा विद्युत संदेश, मानेच्या भागातील मेरुरज्जूत शिरतो, तेथे दुवा साधणाऱ्या सहयोगी चेतापेशींमार्फत स्नायूंना हुकूम देणाऱ्या प्रेरक चेतापेशींकडे जातो आणि दंडाचा स्नायू आकुंचन पावून कोपर दुमडते. त्याच क्षणी हात सरळ करणाऱ्या स्नायूंना सैल ठेवण्याची व्यवस्थाही तेथेच होते. मेंदूकडे जाणारी वार्ता त्यानंतर पोहोचते. तीक्ष्ण चटका पोहोचवणारे तंतू सेकंदाला सुमारे ५ ते ३० मीटर वेगाने आवेग नेतात, तर मागाहून येणारी आग मायलिन या चरबीयुक्त पदार्थाचे आवरण नसलेल्या, ०.५ ते २ मीटर वेगाच्या तंतूंतून येते.

मात्र मेंदूचा यात काहीच सहभाग नसतो, हे मला मान्य नाही. सोलापुरात रोज भाकऱ्यांची चळत रचणाऱ्या बायका तापल्या तव्यावरची भाकरी बोटांनीच उलटतात. त्यांची त्वचा राठ झालेली असते हे खरे, परंतु मेंदूतून मेरुरज्जूत उतरणारे तंतू ही प्रतिक्षिप्त क्रिया बऱ्याच अंशी आवरून धरू शकतात, हेही त्यामागे असते.

वडिलांच्या बाबतीत मेंदू आणि मेरुरज्जू दोन्ही शाबूत असू शकतात. दीर्घकाळ वाढलेल्या साखरेने चेतातंतू झिजतात, आणि सर्वांत लांब तंतू पावलांचे असल्याने झीज बहुधा बोटांपासून सुरू होते. आवेग मेरुरज्जूपर्यंत नीट पोहोचतच नाही, म्हणून वेदनाही होत नाही आणि पायही उचलला जात नाही. हे फोड घरी फोडू नयेत. सिव्हिलमध्ये किंवा नेहमीच्या डॉक्टरांकडे लगेच दाखवावेत आणि १० ग्रॅम दाबाच्या नायलॉन तंतूने व कंप पावणाऱ्या धातूच्या नादकाट्याने तळव्यांची संवेदना तपासून घ्यावी. अनवाणी चालणे मात्र आजपासूनच बंद करावे, आणि रात्री त्यांचे तळवे आपण स्वतः उजेडात पाहावेत.