आईला पोटॅशियम क्लोराईडचं सिरप दिलंय, ते धोक्याचं असतं का?

तुम्ही विचारलंय की जुलाब-उलट्यांनंतर आईचं पोटॅशियम कमी निघालं म्हणून डॉक्टरांनी सिरप लिहून दिलंय आणि नेटवर वाचलं की ह्याच क्षाराच्या इंजेक्शननं माणूस मरतो, तर द्यावं का नाही. द्या, पण कसं द्यायचं ते नीट समजून घ्या. माझं परभणीकडं मेडिकल आहे, उन्हाळा लागला की हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच.

क्षार तोच आहे, खरंय. इंजेक्शन पातळ न करता एकदम शिरेत गेलं तर हृदय बंद पडू शकतं, म्हणून ते सलाईनमधून हळूहळू देतात. तोंडानं घेतलेलं आतड्यातून सावकाश रक्तात जातं आणि जास्तीचं असेल ते किडनी लघवीवाटे काढून टाकते.

आता ओआरएसचा 1 लिटरचा पुडा उलटा करून बघा. मीठ 2.6 ग्रॅम, ग्लुकोज 13.5, सोडियम सायट्रेट 2.9 आणि पोटॅशियम क्लोराईड 1.5 ग्रॅम. मग सिरपची बाटली बघा, बहुतेक बाटल्यांवर 15 मिलीत 1.5 ग्रॅम लिहिलेलं असतं. म्हणजे अख्ख्या लिटरभर पाण्यातलं पोटॅशियम एका टोपणात! बरेच जण खोकल्याच्या औषधासारखं तसंच पितात, मग पोटात आग, उलटी, आणि औषधच बंद करतात. जेवल्यावर, निदान अर्धा ग्लास पाण्यात मिसळून, घोट घोट द्या. गोळी दिली असेल तर ती फोडायची नाही, चावायची नाही.

खरी भीती किडनी अधू असलेल्यांना. शुगर जुनी आहे का, बीपीला टेल्मिसार्टन, रामिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन चालू आहे का, हे डॉक्टरांना सांगितलंय ना? ह्या गोळ्या पोटॅशियम अंगात धरून ठेवतात, वर सिरप आणि ते लो सोडियम मीठ (त्यातही पोटॅशियम क्लोराईडच असतं बरं का) असं सगळं एकत्र झालं की रक्तातलं पोटॅशियम 5.5 च्या वर जाऊ शकतं. हातपाय गळाले, छातीत धडधड किंवा नाडी मंद वाटली तर सिरप थांबवून लगेच दवाखाना गाठा.

अजून एक, ओआरएस म्हणून टेट्रापॅकमधलं गोड पाणी आणू नका. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ शिवरंजनी संतोष ह्यासाठी कित्येक वर्षं भांडल्या, तेव्हा कुठं ऑक्टोबर 2025 मध्ये एफएसएसएआयनं (केंद्राचं अन्न सुरक्षा प्राधिकरण) असल्या पेयांवर ओआरएस हे नाव वापरायला बंदी घातली. खरं ओआरएस हे औषध आहे, त्यावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेला असतो, आणि आशाताईंकडं किंवा उपकेंद्रात फुकट मिळतं.

सिरप किती दिवस हे स्वतः ठरवू नका, डॉक्टर सांगतील तेव्हा पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (किडनी कशी चाललीय ते दाखवणारी रक्ततपासणी) परत तपासा, आणि जाताना आईच्या सगळ्या गोळ्यांची पिशवी तशीच सोबत न्या.