निम्म्या किमतीत मिळतेय म्हणून मोठी रेसर घेऊ का?

प्रश्न : काका, मी लातूरला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. उंची 5 फूट 8 इंच. जुनी स्टीलची रेसर सायकल घ्यायचीय, दोन बघून ठेवल्यात. एक इंग्लिश बनावटीची, 23 इंची फ्रेम, रंग मूळचाच. मालक निम्म्या किमतीत द्यायला तयार आहे. सीट खाली केली की बसेल म्हणतो. दुसरी इटालियन, 54 सेंमीची, रंग उडालेला आणि महाग. कोणती घेऊ?
– एक वाचक, लातूर

उत्तर : बाळा, आधी स्वतःचं माप घे. उंचीवरून फ्रेम ठरत नाही, पायांच्या लांबीवरून ठरते. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभा राहा, जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन्ही पायांमध्ये धरून वर घट्ट दाब आणि त्याच्या वरच्या कडेला पेन्सिलने खूण कर. जमिनीपासून त्या खुणेपर्यंतचं अंतर म्हणजे तुझं माप. तुझ्या उंचीला ते साधारण 80 ते 82 सेंमी येतं. आपण 82 धरू.

टूर द फ्रान्स तीनदा जिंकलेल्या ग्रेग लेमाँड यांच्या नावाने एक हिशेब चालतो : हे माप गुणिले 0.67. जुने लोक 0.65 सुद्धा धरतात. म्हणजे तुला 53 ते 55 सेंमीची फ्रेम लागते. फ्रेमचं हे माप सीटच्या नळीवरून मोजायचं : खाली पायडलचे दांडे ज्या एक्सलवर फिरतात त्याच्या मध्यापासून, वर आडवी दांडी नळीला मिळते तिथे दांडीच्या जाडीच्या मध्यापर्यंत. इटालियन कारखाने बहुधा असंच मोजत. इंग्लिश लोक बहुधा सीटच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंत मोजत, त्यामुळे दीडेक सेंमीचा फरक पडतो. विकणाऱ्याच्या तोंडच्या आकड्यावर जाऊ नकोस, टेप खिशात ठेव.

आता 23 इंच म्हणजे 58.4 सेंमी. एवढ्या फ्रेमची दांडी जमिनीपासून जवळजवळ 83 सेंमीवर येते आणि तुझं माप 82. सीट खाली होईल, मालक खोटं बोलत नाही. पण दांडी खाली होते का?

मी हे भोगलंय. तिशीत असताना अशीच एक मोठी, देखणी रेसर घेतली होती. औशाच्या रस्त्यावर शेळ्यांचा कळप आडवा आला, ब्रेक लागले, पण पाय जमिनीला टेकेना. दांडीवर आदळून कुशीवर पडलो. मनगट दीड महिना प्लास्टरमध्ये होतं. आपल्याकडे गुरंढोरं कुठूनही रस्त्यावर येतात. पटकन उतरता येणं ही इथली पहिली गरज आहे.

दुसरी गोष्ट दांडीच्या लांबीची, आणि लोक नेमकी हीच विसरतात. फ्रेम मोठी झाली की दांडीही लांबते. हँडल दूर गेलं की खांदे ताणतात, वीस किलोमीटरनंतर हात बधिर होतात. आखूड स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा) घालून दोन-तीन सेंमी जवळ आणता येतं, पण फारच आखूड घातली तर हँडल चंचल होतं. म्हणून सीटच्या नळीसोबत दांडीही मोज; 54-55 सेंमी असेल तर तुझ्यासाठी ठीक.

तेव्हा इटालियन घे. सीट बरोबर उंचीला लावल्यावर फ्रेमच्या वर साधारण मूठभर पिलर (सीटखालचा दांडा) दिसला की समज, जमलं. रंग उडालाय त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस, तो पुन्हा देता येतो.

फक्त पैसे मोजण्याआधी बोल्ट सैल करून सीटचा पिलर फिरवून, वरखाली करून बघ. ॲल्युमिनियमचा पिलर स्टीलच्या नळीत वर्षानुवर्षं तसाच राहिला की गंजून असा जाम होतो की तेल घालूनही हलत नाही. बाहेर ओढताना पिलरवरची कमाल उंचीची खूण बघ. ती रेघ नळीच्या आतच राहिली पाहिजे. आणि पिलर हललाच नाही, तर ही सायकलही सोड आणि मला पुन्हा लिही.