जनुकांकडे वळण्याआधी

अरे, डुकराच्या आतड्यातल्या जिवाणूंचे आकडे हातात आले की लगेच ते त्याच्या जनुकांशी जोडायला बसू नकोस. पिल्लू कुठल्या मादीचं, कुठल्या कप्प्यात वाढलं, दूध कधी तोडलं, अँटिबायोटिक दिलं का, हे आधी वहीत बघ. एका वेताची पिल्लं एकत्रच वाढली असतील तर वारसा कुठला आणि शेजार कुठला, हे सांगताच येत नाही. जमलं तर जन्मल्याबरोबर काही पिल्लं दुसऱ्या मादीकडे पाजायला दे, म्हणजे दोन्ही वेगळे करता येतील.

२०२२ साली 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात आलेलं चीनमधलं काम नीट वाच. एबीओ रक्तगटाचं जनुक डुकरातही असतं. त्यातला सुमारे २.३ हजार बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) तुकडा दोन्ही प्रतींत नसला, की आतड्यात एन-ॲसिटिल-गॅलॅक्टोसामिन ही साखर कमी पडते. ती खाणारे एरिसिपेलोट्रिकेसी कुळातले काही जिवाणू घटतात. जनुक आणि जिवाणू यांच्या मधला दुवा, म्हणजे ती साखर, हाती लागला, म्हणून मला ते पटतं. नुसती पी-व्हॅल्यू (संबंध निव्वळ योगायोगाचा नसावा एवढंच सुचवणारा आकडा) आणलीस तर मी परत पाठवीन!